चुंबक, विरजण आणि अलिबागची वेधशाळा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित पाठ)



शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग अधूनमधून दिसतो. टेबलावर दोन भांडी असतात. एकाखाली चुंबक ठेवलेले असते, दुसऱ्याखाली काही नसते. दोन्हींत जीवाणूंची वाढ होऊ दिलेली असते. मागे पुठ्ठ्यावर रंगीत आलेख आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष. गंमत अशी, की एका शाळेचा निष्कर्ष असतो, 'चुंबकामुळे जीवाणूंची वाढ जलद होते', तर दुसऱ्या शाळेचा असतो, 'चुंबकामुळे वाढ मंदावते'. दोन्हीकडची मुले हुशार, दोन्हीकडची मेहनत खरी. मग उत्तरे उलटसुलट का येतात? आज याच प्रश्नाविषयी आपल्याशी बोलायचे आहे. त्यासाठी अलिबागहून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण चुंबकत्व मोजताना काय काय सांभाळावे लागते, याचा मोठा धडा रायगडच्या या किनाऱ्यावरच घातला गेला आहे.

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ एक चुंबकीय वेधशाळा आहे. किल्ला पाहायला येणारे पर्यटक तिच्यावरून जातात आणि बहुतेकांना तिथे काय चालते याची कल्पना नसते. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची अहोरात्र नोंद होते. हे काम मुळात मुंबईत कुलाब्याला चालत असे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, आणि तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या १८४१ साली. तिच्या त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम करणाऱ्या तरुणांत एक होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे ते हेच. केरूनानांचा जन्म १८२५चा, अलिबागजवळच्या नागावचा. नागावच्या मुलाने मुंबईला जाऊन चुंबकसूचीच्या नोंदी केल्या, आणि त्याच्या मागे काही वर्षांनी ती वेधशाळाच त्याच्या गावाच्या शेजारी राहायला आली. त्या वेळी या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली, एवढेच!

पण ती आली का? कारण मुंबईत विजेची ट्राम येणार होती.

पृथ्वीचे चुंबकत्व फार दुबळे असते. अलिबागला ते सुमारे ४३ मायक्रोटेस्ला भरते. तुलनाच करायची तर रुग्णालयातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र याच्या सुमारे पस्तीस हजार पट असते. या दुबळ्या क्षेत्रात रोज दिवसा एक चढउतार होतो. सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत विजेचे प्रवाह वाहतात, त्यांचा हा परिणाम. हा चढउतार अलिबागला मूळ क्षेत्राच्या साधारण हजाराव्या भागाएवढा असतो. वेधशाळेला मोजायचा असतो तो हा हजारावा भाग. आता ट्रामचा विचार करा. तिला दिलेला विजेचा प्रवाह रुळांतून परत जातो आणि वाटेत बराचसा जमिनीत पाझरतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. म्हणजे ट्राम धावू लागली की काटा हलणार, आणि तो सूर्यामुळे हलला की ट्राममुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. कुलाब्याच्या नोंदींना तोवर साठ वर्षांची परंपरा होती. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या प्रचंड स्फोटामुळे जे चुंबकीय वादळ जगभर उठले, तारायंत्रे बंद पाडून गेले, त्याची नोंद कुलाब्याला झाली होती. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळले होते. शास्त्रज्ञ आजही त्या वादळाचा जोर ठरवताना कुलाब्याचे हे आकडे काढून पाहतात. अशी वही ट्रामच्या गोंधळात बुडू द्यायची नाही, असे मूस यांनी ठरवले. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली गेली. इमारतीत लोखंडाला मज्जाव होता. इतकेच नव्हे, आपला सह्याद्रीचा काळा दगड वापरायलाही मनाई, कारण बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते. दगड आणला तो पोरबंदरचा.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. अलिबागला नोंदी सुरू झाल्या १९०४ साली. पण म्हणून कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलल्यामुळे किती फरक पडतो, हे आधी ठरवून घेतले. मग कुलाब्याच्या नोंदी थांबल्या, आणि १९०७ साली मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावली. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

आता पुन्हा प्रदर्शनातल्या टेबलाकडे येऊ. चुंबकाचा जीवाणूंवर होणारा परिणाम पाहायचा, तर आधी आपल्या प्रयोगातल्या ट्राम शोधायला हव्यात. म्हणजे चुंबकाबरोबर नकळत शिरलेल्या, आणि चुंबकाच्या नावावर जमा होणाऱ्या दुसऱ्या गोष्टी.

पहिली ट्राम उष्णतेची. पुष्कळ विद्यार्थी परीक्षानळीभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे करतात आणि त्यातून वीज सोडतात. क्षेत्र तयार होते, पण तार तापते, आणि तिच्याबरोबर नळीही कोमट होते. जीवाणूंना उष्णतेतला एकदोन अंशांचा फरकही कळतो. आणि त्यांची वाढ दामदुपटीची, त्यामुळे लहान फरक पाहता पाहता मोठा होतो. उदाहरणादाखल हिशेब करू. एका जीवाणूचे दोन व्हायला एका भांड्यात वीस मिनिटे लागतात आणि दुसऱ्यात पंचवीस, असे समजा. पाच तासांत पहिल्या भांड्यात पंधरा वेळा दुप्पट होईल, दुसऱ्यात बारा वेळा. म्हणजे एका जीवाणूचे पहिल्यात ३२,७६८ होतील आणि दुसऱ्यात ४,०९६. बरोबर आठपट फरक! मुले आनंदाने म्हणणार, चुंबकाने आठपट वाढ झाली. वाढ झाली हे खरे, पण केली कुणी? तापलेल्या तारेने.

दुसरी ट्राम जागेची. एक भांडे खिडकीशी, दुसरे भिंतीशी. एक भांडे स्टीलचे, दुसरे काचेचे. एका भांड्याखाली जाड चुंबक असल्यामुळे ते ओट्यापासून वर उचललेले, दुसरे थेट गार ओट्यावर टेकलेले. यातली प्रत्येक गोष्ट वाढीत फरक पाडू शकते. तिसरी ट्राम आपल्या मनातली. कुठल्या भांड्याखाली चुंबक आहे हे ठाऊक असले, की 'हे जरा जास्त घट्ट दिसते नाही?' असे वाटू लागते. यात लबाडी नसते. डोळा मनाच्या मागे जातो, इतकेच.

मग प्रयोग करायचा कसा? घरच्या घरी, सुरक्षितपणे करता येईल असा एक मार्ग सांगतो. गटाराचे पाणी, हाताचा मळ असले काही घेऊन जीवाणू वाढवू नका; त्यात रोगजंतूही वाढतात. ते काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. घरी मात्र आपल्याकडे जीवाणूंचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रयोग चालूच असतो. त्याचे नाव विरजण.

दूध तापवून कोमट करा. सगळ्या दुधाला एकदमच विरजण लावा आणि चांगले ढवळा. मग तेच दूध एकसारख्या बारा काचेच्या पेल्यांत मापाने ओता. सहा पेल्यांखाली चुंबके ठेवायची. जुन्या लाउडस्पीकरमधली काळी गोल चुंबके चालतील. ती एक प्रकारच्या भाजलेल्या मातीचीच असतात, तेव्हा उरलेल्या सहा पेल्यांखाली तेवढ्याच जाडीचे टाइलचे तुकडे ठेवा. चुंबके आणि तुकडे सारख्याच कागदात गुंडाळा. पेल्यांच्या जोड्या लावा: एक चुंबकाचा, एक तुकड्याचा. जोडीतले दोन पेले एकाच उजेडात, एकाच वाऱ्यात हवेत, पण एकमेकांपासून पुरेसे दूर. लांब गेल्यावर चुंबकाचा जोर झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झाले तर तो सुमारे आठव्या हिश्शावर येतो. साध्या होकायंत्राने तपासून पाहता येईल. कुठल्या जागी चुंबक आहे याची यादी एका मुलाने करायची, पाकिटात बंद करायची आणि त्याने निरीक्षणाला बसायचे नाही. बाकीच्यांनी दर अर्ध्या तासाला आम्लता दाखवणारा कागद बुडवून रंग पाहायचा, तापमान टिपायचे, दही कधी लागले ते लिहायचे. ताज्या दुधाचा पीएच साडेसहाच्या थोडा वर असतो. जीवाणू साखरेचे आम्ल करत जातात तसा तो उतरतो आणि ४.६ च्या आसपास दूध पुरते थिजलेले असते. सगळे आकडे वहीत शाईने उतरल्यावरच पाकीट फोडायचे.

सहा जोड्या कशाला, एक का पुरत नाही? कारण योगायोग. समजा चुंबकात कसलाही गुण नाही. तरी जोडीतला एक पेला आधी लागणारच, आणि तो चुंबकाचा असण्याची शक्यता निम्मी. नाणेफेकच म्हणा ना. तीन जोड्या केल्या तर तिन्हींत चुंबकाचा पेला पुढे असण्याची शक्यता आठात एक. सहा जोड्यांत सहाही वेळा तसे घडण्याची शक्यता चौसष्टात एक. आता असे पाहा, की आठ शाळांनी तीन-तीन जोड्यांचा प्रयोग केला. चुंबकात काही नसतानाही सरासरीने एका शाळेला तिन्ही वेळा 'यश' मिळेल. ती शाळा प्रदर्शनात जाईल, तिचा फोटो छापून येईल. उरलेल्या सात शाळा 'आमचा प्रयोग फसला' म्हणून घरी बसतील. आपल्यासारख्या पाहणाऱ्यांना फक्त ती एकच शाळा दिसेल, आणि चुंबकाने दही लवकर लागते हे 'सिद्ध' होईल.

हे शाळेपुरतेच असते तर फारसे बिघडले नसते. पण मोठ्या संशोधनातही हा धोका असतो. जीवाणूंवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम या विषयावर देशोदेशी पुष्कळ प्रयोग झाले आहेत. कुणाला वाढ कमी झालेली दिसली, कुणाला वाढलेली, कुणाला काहीच फरक दिसला नाही. क्षेत्र किती जोरदार, स्थिर की बदलते, किती वेळ, कुठला जीवाणू, यांवर उत्तरे फिरतात. साध्या चुंबकाने सर्वसाधारण जीवाणूंची वाढ ठामपणे बदलते, असे म्हणण्याजोगे एकमत झालेले नाही.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने यात नवल नाही. जीवाणूच्या शरीराचा बहुतेक भाग पाणी, आणि चुंबक पाण्याला ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर लोटते. हे लोटणे किती किंचित? १९९७ साली नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जिवंत बेडूक चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तरंगवून दाखवला. त्याला सुमारे सोळा टेस्लाचे क्षेत्र लागले, म्हणजे अलिबागच्या क्षेत्राच्या साडेतीन लाखांहून अधिक पट. आणि तो बेडूक त्यातून सुखरूप बाहेर आला.

तरीही श्रोतेहो, चुंबकाचे आणि जीवाणूंचे काही नातेच नाही, असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. असे काही जीवाणू आहेत ज्यांना उत्तर दिशा कळते. ते आधी दिसले इटलीतल्या पाविया इथे साल्वातोरे बेल्लिनी यांना, १९६३ साली. पण त्यांचे काम जगापर्यंत फारसे पोचले नाही. जगाला ते कळले १९७५ साली, रिचर्ड ब्लेकमोर यांच्या लेखातून. ब्लेकमोर त्या वेळी अमेरिकेत विद्यार्थीच होते. खाजणातल्या चिखलाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसले, की काही जीवाणू सतत थेंबाच्या एकाच कडेला जाऊन जमतात. पहिला तर्क सोपा होता: उजेडाकडे जात असतील. त्यांनी उजेड अडवून पाहिला. सूक्ष्मदर्शक फिरवून पाहिला. दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिला. जीवाणू आपले त्याच दिशेला. मग चुंबक जवळ आणले, आणि सगळ्या थव्याने वळण घेतले. चुंबक उलटे केले, थवाही उलटा फिरला.

ब्लेकमोर यांनी आधी चुंबक आणले नाही, हे इथे लक्षात घ्यावे. आधी त्यांनी एकेक ट्राम बाजूला केली.

या जीवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या सूक्ष्म कणांची माळ असते. ही माळ म्हणजे होकायंत्राची सुई. मेलेला जीवाणूही तिच्यामुळे उत्तर-दक्षिण वळतो, फक्त पोहत नाही. पण पोहणाऱ्याला तिचा उपयोग काय? आपल्या उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा नुसत्या उत्तरेला जात नाहीत, तिरप्या जमिनीत उतरतात. अलिबागला हा उतार पंचवीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे इथे उत्तरेला पोहणे म्हणजे खालीही जाणे. या जीवाणूंना प्राणवायू कमीच लागतो, आणि तो कमी असतो खाली, चिखलात. दक्षिण गोलार्धात रेषा उलट्या, म्हणून तिथले असे जीवाणू बहुतांशी दक्षिणेला पोहतात. ब्राझीलमध्ये चुंबकीय विषुववृत्ताजवळ दोन्ही प्रकारचे साधारण सारख्या संख्येने सापडले. हे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरूनही जाते. थुंबा हे अग्निबाणांचे केंद्र तिथे उभारले गेले ते त्यासाठीच.

तेव्हा रायगडच्या विद्यार्थ्यांना माझी एक सुचवणी आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या आपल्या दाराशी आहेत. खाडीतला चिखल आणि पाणी काचेच्या बरणीत भरून, झाकण सैल ठेवून, मंद उजेडात काही आठवडे राहू द्या. मग चिखलाच्या थोडे वर, बरणीच्या बाहेरून चुंबकाचे दक्षिण टोक टेकवा. उत्तरेला पोहणारे जीवाणू असतील तर ते त्या टोकाशी जमतील. तिथला थेंब ड्रॉपरने उचलून महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि चुंबक फिरवून पाहा. सापडले तर सापडले. नाही सापडले तर कुठल्या खाडीचा चिखल, कुठल्या महिन्यातला, किती दिवस ठेवला, हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते उपयोगी पडेल.

शेवटी, या सगळ्याचा आपल्याशी, म्हणजे विज्ञान प्रदर्शनाशी संबंध नसलेल्यांशी काय संबंध? बाजारात चुंबकाची कडी मिळतात, पट्टे मिळतात, पाण्याच्या बाटलीखाली ठेवायच्या चकत्या मिळतात. सांगितले जाते की रक्तात लोह असते, ते चुंबकाने ओढले जाते आणि रक्ताभिसरण सुधारते. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते. ते खिळ्यासारखे ओढले जात नाही. तसे ओढले गेले असते तर एमआरआयच्या यंत्रातून माणूस जिवंत बाहेर आला नसता. पाण्यावरून चुंबक काढले की पाण्यात चुंबकत्व उरत नाही. पण हे सगळे विकताना पुरावा म्हणून पुढे केली जातात ती तशीच उदाहरणे: तीन जणांना गुण आला, अमक्याचा गुडघा थांबला. किती जणांना गुण आला नाही, हे कुणी मोजलेले नसते, आणि त्या सात शाळांप्रमाणे ते घरीच बसलेले असतात. गुडघेदुखीवर पैसे वाया गेले तर एक वेळ चालेल. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या माणसाने अशा चकतीच्या भरवशावर औषध सोडले तर जिवावर बेतते.

विरजणाचा प्रयोग मनापासून केलेल्या मुलाला, पाकीट फोडल्यावर सहापैकी तीनच जोड्यांत चुंबक पुढे दिसलेल्या मुलाला, अशा जाहिरातीसमोर काय विचारायचे ते बरोबर समजते. तो विचारतो, 'दुसऱ्या भांड्यात काय होते?' म्हणून शिक्षकांना आणि परीक्षकांना विनंती, की 'फरक आढळला नाही' असे प्रामाणिकपणे लिहून आलेल्या मुलाला परत पाठवू नका. त्याची वही उघडून पाहा. तापमान टिपले आहे का, जोड्या किती केल्या, पाकीट कधी फोडले, हे विचारा, आणि त्यावर गुण द्या. पालकांनीही आकडे 'जरा नीट' करून द्यायचा मोह टाळावा.

अलिबागला गेलात तर समुद्रावर जाता-येता त्या वेधशाळेकडे क्षणभर नजर टाका. मुंबईत ट्राम येऊन गेली, १९६४ साली बंदही झाली. इथली नोंद चालूच आहे.